रेडिओची विनोदी मालिका प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड करायची आहे? इंदूरच्या मंडळींसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत

इंदुरात नाटक बसवणाऱ्या मराठी मंडळींना तोटा नाही. गणपतीत, कोजागिरीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही कुणी ना कुणी प्रहसन करत असतंच. त्यामुळे आपण रेडिओसाठी विनोदी मालिका करू आणि तीही समोर माणसं बसवून, असं कुणी म्हटलं की सगळ्यांना ते सोपं वाटतं. नाटक येतं, मग माईकपुढे उभं राहून वाचायला काय लागतं?

लागतं बरंच. हॉलमध्ये शंभर माणसं बसलेली असली तरी कार्यक्रम त्यांच्यासाठी नसतो. तो असतो स्वयंपाकघरात एकटीने भाजी चिरणाऱ्या बाईसाठी, जिला यातलं काहीच दिसत नाही. हॉलमधल्या शंभरांचं काम हसण्याचं, आणि ते हसू नीट टिपण्याचं काम आपलं. खालची प्रत्येक पायरी याच हिशेबाने वाचा.

१. आधी ठरवा, वाजणार कुठे

आकाशवाणीचं इंदूर केंद्र १९५५ पासून मालवा हाऊसमध्ये आहे. श्रोत्यांना बोलावून त्यांच्यासमोर कार्यक्रम रेकॉर्ड करण्याची आकाशवाणीची पद्धतही जुनी आहे. ‘आमंत्रित श्रोत्यांसमोर’ हे शब्द तुम्ही संगीत संमेलनांच्या निवेदनात ऐकले असतील. तिथे मालिका द्यायची असेल तर संहिता लिहिण्याआधी भेटा, लिहून झाल्यावर नव्हे. भागाची लांबी, भाषा, नाट्यकलावंतांची स्वरचाचणी आणि प्रसारणाचे नियम या चारही गोष्टी तेच ठरवतात. धर्म, जात, समाज यांच्यावर वार करणारा, बदनामी करणारा किंवा अश्लील मजकूर तिथे चालत नाही. निवडणुकीच्या काळात राजकीय कोपरखळीही बाजूला ठेवावी लागते.

कम्युनिटी रेडिओ किंवा स्वतःचं पॉडकास्ट असेल तर लांबीचं बंधन सैल होतं. तरीही एक आकडा धरून चाला, नाहीतर पहिला भाग १८ मिनिटांचा आणि दुसरा ४१ मिनिटांचा होईल.

२. संहिता कानाने लिहा

अर्ध्या तासाच्या वेळेत हाती २८ मिनिटं येतात असं समजा. त्यातून नांदीचं आणि शेवटचं संगीत, निवेदन आणि मुख्य म्हणजे हशा वजा करा. मग संवादांना साधारण २२ मिनिटं उरतात. चटपटीत संवाद मिनिटाला १३० शब्दांच्या आसपास जातात, म्हणजे एका भागाला २८०० शब्द पुरेसे झाले. नवा लेखक हमखास चार हजार लिहितो. मग नट धावत सुटतात आणि हशासाठी कुणी थांबत नाही.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे दिसणारा विनोद. नटाने भुवई उडवली, हॉल हसला आणि घरी ऐकणाऱ्याला वाटलं आपलं काहीतरी हुकलं. श्रोत्याला याइतका राग दुसऱ्या कशाचा येत नाही. एक उदाहरण देतो. पुण्याची आत्या इंदुरात भाच्याकडे आली आहे, सकाळची वेळ आहे.

आत्या : पोह्यांवर शेव? आणि वर जिलबी? सकाळी आठ वाजता?
भाचा : आत्या, ही नुसती नांदी आहे. खरं जेवण रात्री अकराला सराफ्यात.
आत्या : (तोंड वाकडं करते.)

इथे हॉलमध्ये हशा येईल, पण रेडिओवर नुसती पोकळी. तोच विनोद शब्दांत आणा :

भाचा : आवडली नाही का जिलबी? तोंड का वाकडं केलंस?
आत्या : मी नाही हो केलं. जिलबीच वाकडी आहे.

आता नटी कितीही तोंड वाकडं करू दे, घरी बसलेल्यालाही ते ‘दिसतं’. कंसातली प्रत्येक सूचना अशी तपासा. जी ऐकू येत नाही, ती संवादात घाला किंवा काढून टाका.

आणखी दोन गोष्टी. एका प्रसंगात तीनपेक्षा जास्त आवाज नकोत आणि जवळपास एकसारखे दोन आवाज एकत्र नकोत. दोन सुना असतील तर एक खर्जातली शोधा. दुसरं, पात्र आल्याबरोबर त्याचं नाव कुणाच्या तरी तोंडी यायला हवं. “या काका, बसा” एवढंही पुरतं.

हसण्याचा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवा. वरच्या वाक्यात ‘वाकडी’नंतर फक्त ‘आहे’ आहे. त्यापुढे “असं मला वाटतं बरं का” जोडलंत तर ते हशाखाली दबेल आणि विनोदही लंगडा होईल.

३. हॉल लहान, तारीख पंचांग बघून

रवींद्र नाट्यगृहाचा मोह टाळा. मोठ्या सभागृहात दीडशे माणसं विखरून बसली की हसू पसरून विरतं. एकमेकांच्या खांद्याला खांदा लागलेली ऐंशी माणसं जास्त जोरात हसतात. संस्थेचा छोटा हॉल, शाळेचं सभागृह किंवा वाचनालयाची वरची खोली बघा. बघायला गेलात की मध्यभागी उभे राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीनंतर आवाज रेंगाळत राहिला तर जमिनीवर सतरंज्या, खिडक्यांना जाड पडदे आणि मागच्या भिंतीला गाद्या लागतील. चकचकीत फरशीचे लग्नाचे हॉल या बाबतीत सगळ्यात वाईट.

पत्र्याचं छप्पर असेल तर जून ते सप्टेंबर विसरा. एप्रिल-मे मध्ये पंख्यांशिवाय माणूस बसणार नाही आणि पंख्यांसकट रेकॉर्डिंग होणार नाही. हिवाळा उत्तम, पण देवउठनी (म्हणजे कार्तिकी) एकादशीनंतर वराती सुरू होतात, आणि डीजेची गाडी खिडकीखालून जायला लागली की पंधरा मिनिटं हातावर हात धरून बसावं लागतं. म्हणून माझी आवडती तारीख धनुर्मासातली. साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी, संक्रांतीपर्यंत, इथे लग्नं लागत नाहीत आणि थंडीमुळे पंखेही बंद असतात. फक्त ३१ डिसेंबर टाळा. ज्या वाराला आणि ज्या वेळेला रेकॉर्डिंग असेल, त्याच वाराला त्याच वेळी हॉलमध्ये जाऊन दहा मिनिटं गप्प बसा. शेजारचा कोचिंग क्लास, देवळाची आरती, पाण्याचा पंप, सगळं तेव्हाच कळतं.

४. सामानाची यादी

साउंडवाल्याला “नाटक आहे” असं सांगू नका. तो मोठे स्पीकर घेऊन येईल. त्याला यादी द्या :

- नटांसाठी ३ कार्डिऑइड (समोरचंच ऐकणारे) माईक, स्टँड आणि पॉप फिल्टरसह (‘प’, ‘फ’ची फुंकर अडवणारी जाळी)
- ध्वनिपरिणामांच्या टेबलासाठी १ माईक
- प्रेक्षकांच्या हशासाठी २ कंडेन्सर (लांबचं, बारीकही टिपणारे) माईक, उंच स्टँडवर. यांना ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माईकच्या केबलमधूनच जाणारी वीज, लागते, रेकॉर्डर तो देतो का ते आधी विचारा
- किमान ६ ट्रॅक (प्रत्येक माईकचा एक) वेगवेगळे नोंदवणारा रेकॉर्डर किंवा ऑडिओ इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारी पेटी)
- बंद कपांचे हेडफोन, एक तरी जोडी
- ३२ जीबीची दोन कार्डं आणि बॅटऱ्या, नव्या
- जादा केबल, कापडी चिकटपट्टी, खडू

सापळा इथेही आहे. “मिक्सरला यूएसबी आहे ना, सगळं रेकॉर्ड होतं” असं कुणी म्हटलं तर खोदून विचारा. बऱ्याच मिक्सरांच्या यूएसबीतून सगळे आवाज एकत्र कालवलेले दोनच ट्रॅक निघतात. एकदा कालवलं की हशा आणि संवाद वेगळे करता येत नाहीत. वेगळे ट्रॅक का लागतात ते दहाव्या पायरीवर कळेल.

रेकॉर्डरवर ध्वनीचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. त्या हिशेबाने एक ट्रॅक तासाला सुमारे ५२० एमबी जागा घेतो. सहा ट्रॅक आणि अडीच तास म्हणजे आठ जीबीच्या आत. रेकॉर्डर बॅटरीवरच चालवा. वीज गेली तर दिवे जातील, पण झालेलं काम राहील.

५. माईक कुठे ठेवायचे

कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं सोडून देतो. नट प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहतात, म्हणजे त्यांच्या माईकची पाठ आपोआप प्रेक्षकांकडे जाते. संवाद स्वच्छ येतो, हशा मात्र अगदी लांबून आल्यासारखा. नवख्या मंडळींच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रेक्षक शेजारच्या इमारतीत बसल्यासारखे वाटतात, त्याचं कारण हेच. हशाचे दोन माईक पहिल्या रांगेच्या जरा पुढे, डावी-उजवीकडे, डोक्यांच्या वर नेऊन प्रेक्षकांकडे वळवा. त्यांची पाठ रंगमंचाकडे असू दे.

प्रेक्षकांना संवाद ऐकू यावा म्हणून स्पीकर लागतोच, पण लहान आणि हळू. त्याचा आवाज हशाच्या माईकमध्ये शिरला की संवाद दोनदा नोंदला जातो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे आठ मीटर लांबच्या माईकला तोच शब्द २३ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही मिसळले की नट विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो.

नटाचं तोंड माईकपासून वीतभर लांब. दोन नटांच्या माईकमधलं अंतर त्याच्या तिप्पट तरी. उभं राहायच्या जागेवर खडूने खूण करा. आवाजाची पातळी नटांसाठी अशी लावा की सर्वात जोराचं वाक्य रेकॉर्डरच्या मीटरवर वजा १० डेसिबलच्या आसपास राहील. हशाच्या माईकला त्याहून जास्त मोकळीक ठेवा, कारण माणसं तालमीत कधीच इतकी हसत नाहीत. फाटलेला हशा दुरुस्त होत नाही.

६. ध्वनिपरिणामांचं टेबल

यात मजा आहे, म्हणून मंडळी यात वाहवत जातात. टेबलावर घडी केलेलं घोंगडं अंथरा, नाहीतर प्रत्येक कप ठेवताना ‘ठक्क’ होईल. जुन्या दाराची फळी कडी-कोयंड्यासकट भंगारवाल्याकडे मिळते, ती चौकटीला ठोकून घ्या. एका फळीत दार उघडणं, लावणं, कडी घालणं आणि ठोठावणं असे चार आवाज झाले. दोन लोट्या आणि पाणी, कपबशी, किल्ल्यांचा जुडगा, ट्रेमध्ये रेती. ‘पेपर वाचतोय’ या आवाजासाठी जुनं वर्तमानपत्र घ्या, कोरं करकरीत नको. कुकरची शिट्टी प्रत्यक्ष वाजवायच्या नादी लागू नका. ती तिच्या वेळेला वाजते, तुमच्या नाही. घरी नोंदवून आणा.

टेबल रंगमंचाच्या कडेला, जरा आडोशाला असावं. ते मधोमध ठेवलंत तर लोक परिणामवाल्याची धांदल बघून हसतात, आणि घरच्या श्रोत्याला कळत नाही की आत्या साधं “दार लाव” म्हणाली तर इतकं काय हसायचं.

७. कागदपत्रं

- हॉलची पावती आणि नियम. दाराबाहेर किंवा उघड्यावर स्पीकर लावायचा असेल तर रात्री १० ते सकाळी ६ मनाई आहे, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे
- लेखक आणि प्रत्येक कलावंताची लेखी संमती : प्रसारण, पुन:प्रसारण आणि इंटरनेट, तिन्हींसाठी. अठराखालच्या मुलांसाठी पालकांची सही
- दाराशी मोठ्या अक्षरांत पाटी : “कार्यक्रम ध्वनिमुद्रित होत आहे, आपलं हसणं-बोलणं त्यात येईल.” हेच पासवरही छापा
- संगीताची परवानगी

शेवटच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, तो प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणून १८८५ साली वारलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं पद तुमच्या पेटीवाल्याने स्वतः वाजवलं तर अडचण नाही, पण तेच पद एखाद्या अलीकडच्या सीडीवरून उचललंत तर आहे. सगळ्यात सोपं म्हणजे पेटी-तबल्यावर आठ मात्रांचा स्वतःचा तुकडा बांधा. तोच मालिकेची ओळख बनतो.

८. तालीम

पाठांतर नको, पण संहिता हातात असली तरी मान वर ठेवून बोलता आलं पाहिजे. कागद एका बाजूला छापलेले, मोठ्या अक्षरात, पिनांशिवाय. एकही वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर जाऊ देऊ नका. पान उलटायचं नसतं, ते हलकेच मागे सरकवायचं किंवा मऊ सतरंजीवर सोडून द्यायचं. संवादांना क्रमांक द्या, म्हणजे “५७ पासून पुन्हा” एवढं म्हटलं की काम भागतं.

एक तरी तालीम दिग्दर्शकाने रंगमंचाकडे पाठ करून ऐकावी. त्याला जे कळलं नाही ते श्रोत्यालाही कळणार नाही.

नाटकातल्या नटाला एक गोष्ट नव्याने शिकावी लागते, ती म्हणजे हशाशी वागणं. हशा चढत असताना बोललात तर वाक्य बुडतं. पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर रेडिओवर भगदाड पडतं. हशा उतरणीला लागला, एक-दोघंच खिदळत राहिले, की पुढचं वाक्य टाका. आणि जिथे हशा येईल असं वाटलं होतं पण आला नाही, तिथे थांबायचंच नाही, सरळ पुढे जायचं.

९. प्रेक्षक जमवणं आणि बसवणं

फुकट पासवर बोलावलेल्यांपैकी बरेच जण येत नाहीत. बीबीसी आपल्या रेडिओ कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगची तिकिटं फुकट देते आणि खुर्च्यांपेक्षा जास्त वाटते, याच कारणाने. तुम्हीही शंभर खुर्च्यांना एकशेतीस पास वाटा आणि पासवर छापा की जागा आधी येणाऱ्याला. सहाची वेळ असेल तर पासवर साडेपाच लिहा. आपल्या लोकांना मी ओळखतो.

पहिल्या दोन रांगांचा प्रश्न नाजूक आहे. प्रथेप्रमाणे तिथे प्रमुख पाहुणे, अध्यक्ष आणि देणगीदार बसतात. ही मंडळी हसत नाहीत, स्मित करतात, आणि स्मित माईकमध्ये येत नाही. पाहुण्यांना तिसऱ्या रांगेत कडेला मानाच्या खुर्च्या द्या, आणि पुढे बसवा त्या मावश्यांना ज्यांचं हसू गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगतं रेकॉर्डिंगनंतर ठेवा. अर्धा तास भाषणं ऐकलेला प्रेक्षक हसायला तयार नसतो.

दाराशी एक स्वयंसेवक फक्त एका कामासाठी : मोबाइल विमान मोडवर. नुसता सायलेंट चालत नाही, टेबलावर थरथरलेला फोनही नोंदला जातो. आणि शेवेची पुडी आत नेऊ देऊ नका. इंदूरकराकडून पुडी काढून घेणं जोखमीचं, पण ती कुरकुर हशाच्या दोन्ही माईकमध्ये उतरते. खाणं मध्यंतरात, बाहेर.

१०. रेकॉर्डिंगची संध्याकाळ

एका बैठकीत दोन भाग करा, मध्ये वीस मिनिटं चहा. अडीच तासांवर नेऊ नका, लोक थकले की हसू आटतं.

सगळे स्थिरावले की आधी निवेदकाने दहा मिनिटं गप्पा मारायच्या. कार्यक्रम कसा होईल, चूक झाली तर पुन्हा करू, हसताना तोंडावर पदर-रुमाल धरू नका, शिट्ट्या नकोत. याच वेळात टाळ्यांचे दोन-तीन प्रकार आणि एक मिनिट नुसती शांतता नोंदवून घ्या. ती शांतता संकलनात सोन्यासारखी उपयोगी पडते, कारण दोन तुकडे जोडताना मधली फट तिनेच भरायची असते.

रेकॉर्डर सुरू झाल्याचं हेडफोन घातलेल्या माणसाने हात वर करून सांगावं. त्याचा हात वर गेल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. प्रत्येक प्रसंगाआधी मोठ्याने : “भाग पहिला, प्रसंग तीन.” दुसऱ्यांदा केलात तर “दुसऱ्यांदा” म्हणा.

नट अडखळला तर थांबवू नका. अडखळण्यावरही लोक हसतात आणि पुढच्या विनोदांना ऊब मिळते. दिग्दर्शकाने क्रमांक लिहून ठेवावा आणि भाग संपल्यावर, लोक उठायच्या आत, तेवढे तुकडे पुन्हा घ्यावेत, प्रत्येक वेळी आधीच्या दोन वाक्यांपासून. दुसऱ्यांदा तोच विनोद ऐकून लोक मनापासून हसणार नाहीत, हे ठरलेलं. काही बिघडत नाही. संवाद दुसऱ्या वेळचा घ्यायचा आणि हशा पहिल्या वेळचा. वेगळे ट्रॅक लागतात ते याचसाठी.

११. संकलन

हशाचे ट्रॅक सतत पूर्ण आवाजात ठेवू नका. संवाद चालू असताना ते खाली आणा, हशा उसळला की वर घ्या, उतरू लागला की पुन्हा खाली. हे हाताने, ऐकत ऐकत करायचं काम आहे आणि सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. सहा-सात सेकंदांपेक्षा लांबलेला हशा कापा. हॉलमध्ये तो आनंद असतो, रेडिओवर श्रोता वाट बघत बसतो. मात्र कापताना शेपूट सोडा. मध्येच चिरलेला हशा कानाला लगेच कळतो.

जिथे कुणी हसलंच नाही तिथे दुसरीकडचा हशा आणून डकवू नका. मोह होईल. त्यापेक्षा ते वाक्यच काढून टाका, २८ मिनिटांत बसायला मदतच होईल.

तयार भाग मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर आणि एकाच कानाने ऐकून बघा. मग स्वयंपाकघरात कुकर चालू असताना, दारापाशी उभं राहून. आत्याचं वाक्य शिट्टीच्या वरही कळलं पाहिजे.

मूळ सगळे ट्रॅक दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. फाइलच्या नावात भाग, प्रसंग आणि तारीख लिहा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ असली नावं नकोत. भाग प्रसारित होईपर्यंत कार्डं पुसू नका, कुणाच्या मुंजीचं शूटिंग असलं तरी उसनी देऊ नका.